सापडू नये म्हणून

"उंच हाय," बाई म्हणाल्या. "माझ्याहून वीतभर तरी उंच."

"कशाची उंच?" शेजारच्या खुर्चीतला त्यांचा मुलगा हसला. "तुझ्याएवढीच तर आहे. काका, पाच फूट लिहा."

नानांनी काही लिहिलं नाही. समोर माणूस बसलेला असताना ते कधीच लिहीत नसत. पेन दिसलं की माणूस वाक्यं जुळवायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. ते नुसतं ऐकत आणि चहा पाजत. चहा मी करायची. वाचनालयातली नोकरी सोडून मी वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, हाताखाली आले, तेव्हा ते म्हणाले होते, "पुस्तकातल्या गुप्तहेराला चहा कोण करून देतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. इथे तू."

नाशकात रविवार कारंजाजवळ एका स्टेशनरीच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. पाटीवर 'तांबट चौकशी सेवा' एवढंच. नानांची नोकरी विम्याचे खोटे दावे पकडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर लग्नाआधीच्या चौकश्या, पसार झालेले भागीदार, हरवलेली माणसं अशी कामं ते घेत.

हे दोघे कळंबकडच्या एका गावाहून आले होते. बाईंचं नाव केवळबाई, मुलाचं अंगद. अंगदची धाकटी बहीण उज्ज्वला दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर निघून गेली होती, त्याला वर्ष उलटलं होतं.

"खाण्यापिण्यात काय आवडतं तिला?" नानांनी विचारलं.

"तिखट चालत नाही," केवळबाई म्हणाल्या. "दूधभातावरच वाढली."

अंगदनं कपाळाला हात लावला. "येसर आमटी असली की चार भाकरी हाणायची. परातभर येसर स्वतः भाजायची. आई, काहीतरी खरं सांग की. काकांनी शोधायचं कसं?"

"शहरांपैकी कुठलं आवडायचं?"

"मुंबई," बाई चटकन म्हणाल्या. "सारखं मुंबई मुंबई करायची. मुंबईलाच असंल."

"नाशकात आहे." अंगद पुढे झुकला. त्याचा आवाज मऊ होता, शर्ट इस्त्रीचा. "आमच्या एका पाव्हण्यानं सिडकोच्या बसस्टॉपवर बघितली. पोट दिसत होतं, म्हणला. तेव्हापासून आईला घास गोड लागेना. म्हणते, झालं गेलं विसरा, मला लेकीची ओटी भरू द्या. म्हणलं, बरं. आपलंच रक्त आहे शेवटी." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ताईपण डिटेक्टिव का? आमच्याकडं बाया फुकटात चोरून ऐकतात."

"म्हणूनच ठेवलीय," नाना म्हणाले. "अंगची सवय असते."

तो मनापासून हसला. केवळबाई हसल्या नाहीत. त्यांनी चहा बशीत ओतला होता आणि तो तसाच निवत होता.

ते गेल्यावर नानांनी मला खिडकीशी बोलावलं. खाली पांढरी जीप उभी होती. वर न आलेले दोन गडी तिला टेकून उभे होते, ते आता आत चढले. ड्रायव्हर वेगळा.

"आई कुठे बसली?" नानांनी विचारलं. त्यांना दिसत होतं, पण मला पाहायला लावायची त्यांची रीत होती.

"मागे. त्या दोघांच्या मध्ये."

"ओटी भरायला माणूस तीन गडी घेऊन येतो का, सुलू?"

"मग नाही म्हणून सांगू या."

"नाही म्हणालो तर तो दुसऱ्याकडे जाईल. या गावात आपल्यासारखी आठ-दहा ऑफिसं आहेत. त्यातला एखादा पत्ता देऊन मोकळा होईल." ते खिडकीतून बाजूला झाले. "तू शोध. सापडली की मला सांग. फोनवर नाही, समोर येऊन. आणि आणखी एक. ती आई चुकीचं का सांगतेय?"

"दुःखानं सुचत नसेल."

"दुःखानं माणूस विसरतो. ही विसरत नव्हती. प्रत्येक उत्तर तयार होतं."

मी ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

नानांना जाऊन आता पाच महिने होतील. भेटायला आलेले लोक विचारतात, नानांनी आयुष्यात किती माणसं शोधली असतील हो? मी सांगते, पुष्कळ. मग त्यांना पाणी आणायला आत जाते.

नाव बदलता येतं, फोन बदलता येतो, राहायची जागा बदलता येते. जीभ बदलत नाही. नानांनी मला शिकवलेल्या गोष्टींतली ही पहिली. चैत्र संपत आला होता. वर्षाचे मसाले करून ठेवायचे ते दिवस. सिडको, अंबड भागात मिरची कांडपाच्या गिरण्यांपुढे बायका डबे घेऊन रांगा लावून उभ्या होत्या. नाशिकच्या बायका काळा मसाला करतात. येसर मराठवाड्याचं. त्यात मसाल्याबरोबर गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ भाजून घालतात, आणि गिरणीवाली त्यावर कुरकुरल्याशिवाय राहत नाही, कारण पिठानं कांडप चिकटतं.

मी तिखटानं शिंकत तीन-चार गिरण्या फिरले. सगळीकडे एकच गाऱ्हाणं सांगितलं: सासू मराठवाड्याची आहे, तिला येसर लागतं, मला प्रमाण येत नाही, आणि रोज उठून माझ्या आईचा उद्धार होतो. अंबडच्या एका गिरणीतल्या इंदूबाईंना माझी दया आली.

"सासूला म्हणावं, तू कर."

"म्हटलं. तर म्हणाली, हात दुखतात."

"तोंड नाही दुखत व्हय?" इंदूबाईंनी तोंडावरचा फडका खाली केला. "एक पोर येती तिकडची. मागल्या आठवड्यात येसर नेलं. गरवार हाय, तिला वास सोसंना, पर हटून बसली, हेच पाहिजे म्हणून. पिवळ्या चाळीत मागच्या अंगाला राहती. तिला इचारा. गोड पोर हाय."

पिवळ्या चाळीत दार उघडलं ती मुलगी पाच फुटांहून थोडी कमीच होती. सातवा महिना असावा. मी सासूची गोष्ट पुन्हा सांगितली. तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि हौसेनं प्रमाण सांगायला लागली. धने किती, जिरं किती, डाळ कितपत लाल करायची. ती मन लावून सांगत होती. इतक्या दिवसांत तिला तिच्या घरचं कुणी काही विचारलं नसावं. मला पुढे ऐकवेना.

"उज्ज्वला," मी म्हटलं.

ती थांबली. चाळीत तिला सगळे रूपाली म्हणत. तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. किंचाळली नाही.

"कोण आलं होतं?" तिनं विचारलं.

"तुझा भाऊ. आणि आई."

"आई बोलली, का दादाच बोलला?"

"दोघंही." आणि मग मी, केवळबाई काय काय म्हणाल्या ते सांगितलं. उंच आहे, तिखट चालत नाही, मुंबईला असेल.

उज्ज्वला खाली फरशीवर बसली. थोडा वेळ ती पोटावर हात ठेवून बसून राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"माझी आई खोटं बोलत नाही कधी," ती म्हणाली. "देवाची शपथ घ्यायलासुद्धा भिते."

"मग?"

"माझ्या मामाची मुलगी होती, शकू. तीपण अशीच गेली होती. तिला आणायला माझी आईच गेली होती, दादाबरोबर. ओटी भरायला म्हणूनच. आईला खरंच वाटलं होतं तसं. नवं लुगडं घेतलं होतं तिनं शकूसाठी." मग तशाच सरळ आवाजात म्हणाली, "आठ दिवसांनी शकू विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले. त्या दिवसापासून आईनं ओटी भरायचं सोडलं. गावात कुणाचीच भरत नाही. सवाष्णींनी बोलावलं तर डोकं दुखतं म्हणते."

मला नानांचा प्रश्न आठवला. आई चुकीचं का सांगतेय. तिला मुलगी सापडायला नको होती. मुलाच्या शेजारी बसून, दोन गड्यांच्या मध्ये बसून आलेल्या त्या बाईला जेवढं करता येणार होतं तेवढं तिनं आमच्या टेबलासमोर केलं होतं.

उज्ज्वलाचा नवरा प्रवीण कामावर होता. त्याचा एक मित्र राजकोटला एका कारखान्यात होता आणि बरेच दिवस बोलावत होता. मालाचा ट्रक दोन दिवसांनी जाणार होता, त्याच्या केबिनमध्ये दोघांना जागा मिळण्यासारखी होती. त्याआधी नाही. मी तिला आमचा नंबर दिला, दाराबाहेर पडू नको म्हणून सांगितलं आणि परत निघाले.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्याला ते भेटून आले. तो म्हणाला, आई ओटी भरायला आलीय, यात गुन्हा कुठला, तांबट? काही घडलं तर या.

"घडलं तर," नाना म्हणाले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

ट्रक निघायच्या दिवशी सकाळी अंगद आईला घेऊन आला. नानांनी त्याला सांगितलं, सगळीकडे पाहिलं, मुलगी नाशकात नाही. पाव्हण्याची नजर चुकली असेल. आम्ही हे काम इथेच थांबवतो.

केवळबाईंनी मान वर केली नाही. अंगद मात्र नानांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या ओठांवर हसू आलं.

"काका, आमच्या रानात मी पाच बोअर घेतले," तो म्हणाला. "बोअरवाला पाणी लागलं नाही तर काय म्हणतो माहितीय? अजून शंभर फूट जाऊ. दरवेळी तेच. अजून शंभर फूट. मशीन बंद कधी करतो?"

नानांनी टेबलावरची टोपी सरळ केली.

"पाणी लागल्यावर," अंगद म्हणाला. "सापडली नसती तर तुम्ही म्हणला असता, अजून पंधरा दिवस द्या. भल्या माणसाला थापा मारायची सवय नसते, हे वाईट." तो उठला. "आम्ही खालीच आहोत. चहा पितो. तुम्ही बाप-लेक विचार करा निवांत."

जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली. मी खिडकीशी गेले नाही.

"चूक झाली माझी," नाना म्हणाले. "मुदत मागायला हवी होती." त्यांनी एवढंच म्हणून ते संपवलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. "आता तो काय करणार?"

"आपल्यामागे येणार. आपण तिला सावध करायला जाऊ, असं त्याला वाटतंय."

"मग जा. उलट्या दिशेला जा. जेल रोडला, कुसुमकडे."

कुसुम म्हणजे माझी आत्या. जेल रोडला एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर ती एकटी राहायची.

"त्याला संशय येईल, नाना. तो मूर्ख नाही."

"मूर्ख नाही म्हणूनच येईल मागे. त्याला वाटलं पाहिजे, आपण ओळखलं. मी तुला काय शिकवलंय? पाठलाग होत असेल तर मागे वळून बघायचं नाही. आज बघ. घाबरलेली बाई मागे बघते. रिक्षा बदल, पण अशा जागी बदल की त्याला दिसेल. आत्याकडे गेलीस की पडदे ओढ."

"आणि तुम्ही?"

"जीप हलली आणि चौघंही तिच्यात आहेत हे दिसलं, की मी अंबडला."

मी घाबरण्याचं सोंग करणार होते. त्याची गरज पडली नाही. रिक्षात बसले तेव्हा मागे वळून बघण्यासाठी मला काही ठरवावं लागलं नाही. द्वारका चौकात मी दुसरी रिक्षा केली. पांढरी जीप तीन गाड्या सोडून होती. सिग्नलला अंगद पुढच्या सीटवर बसलेला स्पष्ट दिसला. तो माझ्याकडे बघतही नव्हता. मोबाइलवर काहीतरी वाचत होता.

आत्या दारातच म्हणाली, "फोन न करता? उद्या आखिती, अक्षय्य तृतीयेची घागर आणायला निघाले होते मी."

मी तिला आत ढकललं, दार लावलं, पडदे ओढले आणि घाईघाईनं सांगितलं. आत्यानं पिशवी खाली ठेवली. "एवढंच ना?" ती म्हणाली. "तुझा बाप लहानपणापासून माझ्याच अंगणात भांडणं आणून टाकतो."

दहाएक मिनिटांनी बेल वाजली. मी भोकातून पाहिलं. केवळबाई एकट्या होत्या. एक गडी खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता, त्याचा खांदा दिसत होता. भरदुपारी सोसायटीत घुसून बोंबाबोंब करण्यापेक्षा आईला पाठवणं सोपं. लेक आईला दार उघडते.

मी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"हितं हाय का ती?" बाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"बरी आहे," मी म्हटलं. "सातवा चालू आहे. आज निघतेय इथून, लांब..."

"कुठं ते सांगू नको." त्यांचा हात दाराच्या फटीत आला आणि माझ्या मनगटावर पडला. "मला सांगू नको. मला इचारतील."

खालून गड्यानं खाकरल्यासारखं केलं.

"वकाऱ्या थांबल्या का तिच्या?"

"थांबल्या. येसर केलंय तिनं."

त्यांनी मान हलवली. जणू बाजारभाव विचारला होता आणि तो परवडण्यासारखा निघाला. मग मला म्हणाल्या, "किती वेळ पाहिजे तुमाला?"

"संध्याकाळपर्यंत. तुम्ही खाली जाऊन सांगा, ही ती नाही. चूक झाली म्हणावं. तेवढ्यात..."

"तसं सांगितलं तर ते तुजा बाप कुठं हाय ते बघाया जातील." त्या माझ्यापेक्षा फार पुढचा विचार करून आल्या होत्या. "मी सांगते, आत हाय. दार उघडंना म्हणून सांगते. मंग ते हलत न्हाईत."

"आणि दार उघडल्यावर? आत कुणी नाही म्हटल्यावर तुमचं काय?"

"दार लाव," त्या म्हणाल्या. "मी पुन्हा वाजवीन. उघडू नको."

आणि मनगट सोडून त्यांनी आपल्या हातानं दार ओढून घेतलं.

मग त्यांचा आवाज आला, जिनाभर घुमणारा. "उज्ज्वला! दार उघड गं बाई! आई हाय मी!"

त्या दुपारचं मला अजून नीट वर्णन करता येत नाही. त्यांनी दार बडवलं. मग खाली जाऊन खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि वर बघून हाका मारत राहिल्या. उज्ज्वला, ये गं खाली. उज्ज्वला, तुजी ओटी भरायची हाय. तुज्यासाठी हिरवं लुगडं आणलंय, बघ की. मधेच त्या तिचं लहानपण सांगत. गोवरात कशी तापली होती, जत्रेत कशी हरवली होती. ते सगळं खरं असावं. पडद्याच्या फटीतून मला जीप दिसत होती आणि जीपला टेकलेला अंगद. त्यानं एकदा आईला पाण्याची बाटली नेऊन दिली. तिनं ती घेतली, घोटभर प्याली, आणि पुन्हा सुरू केलं.

आत्याकडे बेल वाजत राहिली. शेजारच्या बाई, वरच्या मजल्यावरचे एक आजोबा. "अहो, काय माणसं आहात? म्हातारी उन्हात उभी आहे. घ्या की आत."

"माझं घर, माझा उन्हाळा," आत्या आतून म्हणाली. "तुम्हाला दया आली असेल तर तुम्ही न्या जेवायला."

"दगड आहात."

"आहे. झीज होत नाही त्यानं."

असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, आणि मी मागून गेले तेव्हा ओट्याला धरून उभी होती.

हळूहळू खालचा आवाज घोगरा होत गेला. शेवटी शेवटी नावही पुरतं उमटत नव्हतं. पण थांबला नाही. रिकाम्या घराकडे बघून एक बाई आपल्या मुलीला हाका मारत होती, आणि मुलगी इथे नाही या एका गोष्टीवर तिचा सगळा जीव लागलेला होता.

उन्हं उतरल्यावर नानांचा फोन आला. "ट्रक हायवेला लागला," ते म्हणाले. "मी येतोय तिकडे."

ते आले ते दोन हवालदार घेऊन. सोसायटीत जमाव झालाय, अशी तक्रार त्यांनी स्वतःच केली होती. हवालदारांसमोर आत्यानं दार उघडलं. अंगदनं बाहेर चपला काढल्या आणि आत आला. दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, कॉटखाली वाकून पाहिलं. मग परत येऊन चपला घातल्या आणि आत्याला हात जोडले.

"माफ करा. आईचा गैरसमज झाला."

नानांकडे त्यानं एकदा पाहिलं. फक्त मान हलवली. समोरच्यानं चांगला डाव टाकला की माणूस हलवतो तशी.

आम्ही सगळे खाली उतरलो. केवळबाई सोसायटीच्या फाटकाशी कठड्यावर बसल्या होत्या. अंगद त्यांच्यापुढे उभा राहिला. "आई, तू म्हणलीस ती आत आहे."

"मला वाटलं तिचाच आवाज," त्या म्हणाल्या. त्यांच्या गळ्यातून नुसती हवा येत होती.

"चल."

नाना पुढे झाले. "ताई, आज राहा इथे. माझी बहीण एकटीच असते. उद्या मी स्वतः आणून सोडतो."

मी म्हटलं, "मावशी, राहा."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. राहावं असं त्यांना क्षणभर वाटलं असेल, नसेलही. "कशाला," त्या म्हणाल्या. "घरी कामं पडलीत."

नानांनी हवालदाराचा दंड धरला. हवालदार वैतागला. "अहो तांबट, आई लेकाबरोबर घरी चाललीय. काय अडवू मी त्यांना? कुठल्या कलमाखाली?"

अंगदनं जीपचं मागचं दार उघडून धरलं. वर चढायला आईला हात दिला. केवळबाई दोन गड्यांच्या मध्ये जाऊन बसल्या, पदर सारखा केला, आणि समोर बघत राहिल्या. जीप वळेपर्यंत नाना रस्त्याच्या मधोमध उभे होते.

नंतरचे दिवस ते ऑफिसात येऊन नुसते बसत. एका सकाळी म्हणाले, "जाऊन येतो." बियाणांच्या कंपनीचा माणूस म्हणून ते त्या गावात गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते दारातून थेट न्हाणीघरात. पिशवीसुद्धा बाहेरच ठेवली होती. मी पाण्याचा आवाज ऐकला आणि दाराबाहेर उभी राहिले. कुणाच्या तरी मयताहून आलेला माणूसच अशी, कपड्यांनिशी, डोक्यावरून आंघोळ करतो.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मी पोचलो तेव्हा पंगत बसली होती. तेरावा होता."

मी त्यांना कोरडा पंचा दिला.

"आखितीच्या पहाटे पाण्याला गेली आणि पाय घसरला, म्हणाले. अंगदनंच मला हाताला धरून पंगतीत बसवलं. मला पाहून ओळखलं नाही असं दाखवलं. पाहुणे, दोन घास खाऊन जा, म्हणाला."

"तुम्ही?"

"जेवलो." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "न जेवता उठलो असतो तर गावानं विचारलं असतं, हा कोण. आणि मग त्यानं सांगितलं असतं."

त्यांनी त्या प्रकरणासाठी पोलिसांत, कलेक्टर कचेरीत खूप खेपा घातल्या. विहिरीला कठडा नव्हता, असा पंचनामा झाला होता. त्यापुढे काही सरकलं नाही. आखितीनंतर आम्ही हरवलेल्या माणसांची कामं घेणं बंद केलं. नाना फक्त लग्नाच्या चौकश्या करत राहिले, आणि त्याही मुलीच्या बाजूनं.

पावसाळ्यात राजकोटहून उज्ज्वलाचा फोन आला. मुलगी झाली होती. फोन नानांनी घेतला. मी शेजारी होते, मला तिचा आवाज ऐकू येत होता.

"आईला कळवता येईल का तुम्हाला?"

"कळवलं," नाना म्हणाले.

"काय म्हणाली?"

खोटा अहवाल नानांनी उभ्या आयुष्यात कुणाला दिला नव्हता. एकदा दिला, अंगदला, तर तो पकडला गेला. त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणाली, इकडं येऊ नको," ते म्हणाले. "कधीच येऊ नको, म्हणाली."

मग "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. त्यानंतर दर दिवाळीला तिचा फोन यायचा. नानांशी बोलायची. आईबद्दल पुन्हा तिनं एकदाही विचारलं नाही.

नाना गेल्याचं तिला उशिरा कळलं. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मुलगी आता अकरावीत आहे, म्हणाली. नानांचं शेवटचं आजारपण तिनं बारकाईनं विचारलं. मी सांगत गेले. कुणालाच इतकं सांगितलं नव्हतं. मग ती म्हणाली, "ताई, तुम्हाला सगळं करता आलं त्यांचं."

"हो."

"मला एक विचारायचं होतं. नानांना विचारणार होते, पण दरवर्षी धीर व्हायचा नाही. वाटायचं, त्यांना खोटं पडल्यासारखं होईल." मग तिनं विचारलं, "आईची तिथी कुठली?"

मला वाटलं होतं तिला माहीत नाही. आपल्याला कळलंय हे तिनं आमच्यासाठी लपवून ठेवलं होतं.

"आखिती," मी म्हटलं. "पहाट."

ती मनाशी काहीतरी जुळवत असावी. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बंद केला.

"तेव्हा आम्ही अजून पोचलोही नव्हतो," उज्ज्वला म्हणाली. "ट्रक रस्त्यातच होता. मी झोपले होते."